गेटाच्या पलीकडे राहिलेली धून

आमच्या गल्लीत एक माणूस उलटा चालायचा. उलटा म्हणजे डोकं खाली पाय वर असं नव्हे, पाठ पुढं आणि तोंड मागं. डोक्याला काळी टोपी, हातात भाजीची पिशवी, आणि निघालेत आपले मागं मागं. जसं काही समोरून कुणी मोठी मंडळी यायलीत आणि हे त्यांना वाट दाखवायलेत. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा कुणाला तरी भिऊन मागं सरकायलाय.

नाव मी सांगत नाही. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मीही तेच म्हणते. शाळेचे मास्तर नव्हेत, बँडचे. सगळी उमर परभणीतल्या लग्नांत क्लॅरनेट वाजवली. गल्लीतली लेकरं तिला पिपाणी म्हणायची, तर मास्तर त्यांना उन्हात उभं करून समजावायचे, "पिपाणी उरुसात मिळती. क्लॅरनेट नशिबात असावी लागती." लेकरं मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिपाणीच म्हणायची.

उलटं चालण्याचं कारणही बँडच. लग्नाच्या मिरवणुकीत मास्तर सगळ्यात पुढं असतो, पण त्याचं तोंड असतं नवरदेवाकडं. "नवरदेवाला पाठ दाखवायची नसती, वैनीसाहेब. तो त्या दिवशीचा बादशहा." तर हा माणूस जन्मभर बादशहांकडं बघत मागं मागं चालला. मागं खड्डा आला, नाली आली, तर बँडमधला ढोलवाला भुवयांनी सांगायचा. एक भुवई उडाली की खड्डा, दोन्ही उडाल्या की म्हैस. मास्तर म्हणायचे, माझ्या पाठीला डोळे हाईत. डोळे कसले, ढोलवाल्याच्या भुवया होत्या.

बँड सुटला तसा ढोलवालाही गेला आणि ही भुवयांची नोकरी आमच्या ह्यांना लागली. हे कचेरीत कारकून होते, रिटायर होऊन घरी बसलेले, मलाही ते घरातून बाहेर जायलाच हवे होते. रोज सकाळी दोघं फिरायला निघायचे. हे सरळ, मास्तर उलटे, तोंडाला तोंड. भाजीवालीनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, काका रोज सकाळी कुणाशी भांडत जातेत?"

आता आमच्या ह्यांची कचेरीतली सवय अशी, की सगळं होऊन गेल्यावर कळवायचं. मास्तर म्हशीला धडकायचे, टोपी खाली पडायची, म्हैस मान वळवून बघायची, आणि मग हे म्हणायचे, "मास्तर, मागं म्हैस होती बरं का."

"आता सांगायलाव?"

"मी बोलणारच होतो. तुमचं वाक्य संपायची वाट बघायलो होतो."

मास्तरांना गावातला एकही पत्ता सरळ सांगता यायचा नाही. त्यांची परभणी सगळी लग्नांची होती. कुणी विचारलं, दातांचा दवाखाना कुठं हाय, की म्हणणार, "जिथं करवली रुसून बसली होती ना, त्याच्या समोर." विचारणारा बिचारा गाल धरून उभा. मग मास्तर दया येऊन अजून खुलासा करणार, "अहो, ज्या बोळात घोडं नवरदेवाला घेऊन परत फिरलं होतं, तिथून उजवीकडं!" असा एक माणूस दाढ दुखत असताना वसमत रोडपर्यंत जाऊन आला होता.

डीजे आले तसं बँडाचं काम कमी झालं, पण मास्तर काही रुसून घरात बसले नाहीत. संध्याकाळी कुठं डीजेचा आवाज आला की टोपी घालून निघायचे. आमंत्रण कुणाचं? कुणाचंच नाही. डीजेच्या गाडीपुढं जाऊन उभे राहायचे, तोंड गाडीकडं, पाठ रस्त्याकडं, आणि हातांनी वर-खाली, वर-खाली. सगळ्यांना वाटायचं हे डीजेवाल्याचे कुणीतरी. डीजेवाल्याला वाटायचं हे पोरीकडचे कुणीतरी. एकदा काय झालं, मास्तरांच्या कानाशी डास आला म्हणून त्यांनी हात वर केला. बँडमध्ये मास्तरनं पंजा उघडा करून हात वर केला की वाजवणं बंद, अशी रीत. डीजेवाल्यानं घाबरून गाणं बंद केलं. नाचणारे हात वर करून तसेच. एक मामा तर खाली बसून नागीण करायले होते, ते तसेच जमिनीवर. त्या शांततेत मास्तरांनी डास मारला, हात खाली घेतला, आणि गाणं सुरू झालं.

घरी येऊन ह्यांना म्हणाले, "बघा, अजून इज्जत हाय."

पण मास्तरांची खरी खोड वेगळीच होती. त्यांना बसून वाजवता यायचं नाही. उभं राहूनही नाही. चालायला लागले की क्लॅरनेटमधून असा सूर निघायचा की चहा ओतणारी मी भांडं तसंच धरून राहायची. थांबले की फुस्स. म्हणून त्यांचा रियाझ म्हणजे सकाळी गल्लीला फेऱ्या. गल्ली त्यावर घड्याळ लावायची. पहिल्या फेरीला नळ, दुसऱ्या फेरीला दूध.

एका मंडळानं म्हाताऱ्या कलावंतांचा सत्कार ठेवला, त्यात मास्तरांना बोलावलं. आम्ही दोघंही गेलो. शाल झाली, नारळ झाला. मग माईकवर एकजण म्हणाला, आता मास्तर आपल्याला काही ऐकवतील. मास्तर खुर्चीत बसून फुंकले. फुस्स. पुन्हा फुंकले, तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसला आवाज. माईकवाला म्हणाला, "मास्तर भारावून गेलेत." मास्तर उठले, म्हणाले, "भारावलो न्हाई. बसून वाजवायला मी काय गवई हाय?" आणि अंगावरच्या शालीसकट स्टेजच्या पायऱ्या उलट्या उतरायला लागले. दुसऱ्या पायरीवर सूर लागला. मग कोण थांबतंय! खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं मागं मागं दाराकडं, दारातून रस्त्यावर. आणि आपल्याकडं बघत कुणी वाजवत मागं जायला लागलं की पाय आपोआप उठतात, लहानपणापासूनची सवय. सगळा हॉल उठून मागं निघाला. स्टेजवर राहिले एकटे प्रमुख पाहुणे, भाषणाचा कागद खिशात. थोडा वेळ त्यांनी वाट बघितली, मग तेही आले. चौकात त्यांनी हात वर करून दोन गिरक्या घेतल्या. भाषणापेक्षा त्याच लोकांच्या लक्षात राहिल्या.

आता मूळ गोष्टीकडं येते, कारण ती माझ्या लग्नाची आहे.

मास्तरांचा एक कायदा होता. नवरदेवाचं पाऊल मंडपाच्या दारात पडायचं आणि धून संपायची, एकाच वेळी. धून अर्धी राहिली तर संसारात भाकरीत खडा यावा तसं काहीतरी राहतं, अशी त्यांची पक्की समजूत. एका लग्नात मंडप लवकर आला आणि धून बाकी होती. नवरीचा बाप दारात ताट घेऊन उभा. मास्तरांनी काय करावं? अख्खी मिरवणूक मंडपावरून पुढं नेली! नवरदेव घोड्यावरून ओरडायला लागला, "मास्तर, मंडप गेला! माझं लगीन हाय!" मास्तरांनी क्लॅरनेट क्षणभर काढून सांगितलं, "म्हणूनच तर!" मारुतीला पुन्हा एक वेढा घालून आणलं त्याला. मुहूर्त गेला, नवरीच्या बापानं बँडाला जेवू घातलं नाही. पण मास्तर त्या घरावरून जाताना पुढंही छाती काढून म्हणायचे, "बघा, अजून नांदायलेत."

अशा माणसाच्या हातून एकच धून अर्धी राहिली. ती आमची.

माझं माहेर रेल्वेच्या गेटाच्या पलीकडं. ह्यांचं वऱ्हाड राणीसावरगावहून आलं, ते उतरलं गेटाच्या अलीकडं. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन वाजतगाजत मंडपात येतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. तर परण्या निघाला. मास्तर तेव्हा तरणे, नुकतेच बँडाच्या पुढं चालायला लागलेले. मी मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसले होते. धून लांबून जवळ जवळ यायली. आणि नेमकं गेट पडलं. मालगाडी. ती सुद्धा अशी की गेट पडलं तरी गाडीचा पत्ता नाही. मुहूर्त जवळ आला. ह्यांच्या मामानं घड्याळ बघितलं, नवरदेवाचा दंड धरला, आणि घोड्यावरून उतरवून त्याला गेटाखालून ओढत आमच्या बाजूला आणला. बाशिंग वाकडं, धोतराला गेटाचं वंगण. बँड राहिला तिकडंच, ढोल काही गेटाखालून येईना. मग गाडी आली. गाडी गेली तोवर मंगलाष्टकं सुरू झाली होती, आणि कुणीतरी बँडाला गप केलं. मी त्या धुनेचा शेवट ऐकलाच नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी, बायको गेल्यावर, मास्तर आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. पहिल्याच दिवशी हे दारात दात घासायले होते. मास्तर त्यांच्याकडं बघतच राहिले. नवरदेवाचं तोंड तो माणूस विसरायचा नाही, तेवढंच तर बघितलं जन्मभर. म्हणाले, "तुमी गेटाखालून गेलाव ते नवरदेव!"

ह्यांच्या तोंडात फेस. ह्यांनी नुसती मान हलवली.

मास्तर पायरीवर मटकन बसले. "संसार कसा चाललाय?" त्यांनी मला विचारलं, डॉक्टर विचारतो तसं.

मी म्हटलं, "चाललाय की. भांडणं होतात."

"व्हय. व्हणारच. माझ्यामुळं."

आणि तिथून जे सुरू झालं! आमच्या घरात आवाज चढला की मास्तर रस्ता ओलांडून यायचे, चपला काढायचे, टोपी काढायचे, आणि अंगणात मान खाली घालून उभे राहायचे. "वैनीसाहेब, माझ्यामुळं. त्यांना काय बोलू नका." आता ह्यांनी कुलपाची किल्ली हरवली, तर त्यात क्लॅरनेटचा काय संबंध? आमच्या ह्यांना किल्ल्या हरवायचा नादच आहे. जिथं बसतील तिथं ठेवतील आणि उठून येतील. पण मास्तर तसे उभे राहिले की मला हसू फुटायचं आणि भांडण पुढं जायचं नाही. ह्यांनी ह्याचा पुरा फायदा घेतला. काही चुकलं की माझ्या आधीच खिडकीतून हाक मारायचे, "अहो मास्तर, या जरा!"

मास्तरांच्या मनाला मात्र ते लागलेलं होतं. कितीदा म्हणाले, एकदा पुन्हा परण्या काढू, मारुतीपासून मंडपापर्यंत, मी धून पुरी करतो. हे म्हणायचे, "आता घोड्यावर बसवलं तर घोडं आणि मी दोघंही सरकारी दवाखान्यात." मलाही लाज वाटायची. नातवंडांची आजी मी, लोक काय म्हणतील. असं करत ते राहूनच गेलं.

आणि मग मास्तरांचे गुडघे गेले.

डॉक्टरनं सांगितलं, चालायचं नाही, ऑपरेशन करा. फेऱ्या बंद झाल्या. क्लॅरनेट सत्काराच्या शालीत गुंडाळून ठेवली. नळ कधी आला, दूध कधी आलं, गल्लीला कळेना. हे सकाळी एकटेच फिरायला जायचे आणि सरळ रस्त्यावर अडखळून यायचे. म्हणायचे, "समोर कुणी नसलं की चालायचं कुणीकडं तेच कळंना."

पुण्याहून मास्तरांची लेक आली. ऑपरेशन पुण्यात करायचं, आणि मग तिच्याकडंच राहायचं, असं तिनं ठरवलेलं. पोर चांगली, बापावर जीव. पण मास्तर म्हणाले, "एक काम राहिलंय. ते झाल्याबिगर मी गाडीत बसत नसतो."

"कोणतं काम, बाबा?"

मास्तरांनी आमच्या घराकडं बोट केलं. "ह्यांचं लगीन."

लेक माझ्याकडं आली, डोळ्यात पाणी. "काकू, बाबांना समजवा. गुडघे दिवसेंदिवस वाईट व्हायलेत. आणि ते म्हणायलेत, तुमचं लगीन लावायचं राहिलंय."

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "मग आता कसं? त्यांना चालता येत नाही, आणि बसून वाजत नाही."

मास्तरांना आत बोलावून मी झोपाळ्यावर बसवलं. म्हटलं, हलतंय तर खरं, बघा वाजवून. आणि वाजलं की हो! पण कसं? झोपाळा मागं गेला की सूर, पुढं आला की फुस्स. मागं सूर, पुढं फुस्स. मास्तरांना उलटंच जायची सवय, पुढं येताना फुंक चालेना. अख्खी धून अशी उचकी लागल्यासारखी. आमचे हे झोका देऊन देऊन घामाघूम. शेवटी मास्तर थांबले. "वाजतंय, वैनीसाहेब. पण ह्याच्यानं मंडपाला कवा पोचायचं?"

तरी एक गोष्ट कळली. पाय हलले नाहीत तरी चालेल, मास्तर मागं सरकत राहिले पाहिजेत. लेकीनं दवाखान्यातून चाकाची खुर्ची आणली होती. ती मागून ढकलायची असते. आम्ही ठरवलं, लेकीनं ती उलटी ओढायची, म्हणजे मास्तरांचं तोंड नवरदेवाकडं आणि पाठ मंडपाकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परण्या निघाला. मी आधीच रिक्षानं गेटाच्या पलीकडं जाऊन थांबले, कारण नवरीनं मंडपातच थांबायचं. मंडप होता तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "काकू, रिचार्ज?" मी म्हटलं, "न्हाई बाबा, नवरदेवाची वाट बघायले." त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि जरा लांब जाऊन उभा राहिला.

आणि आली की धून. लांबून. तीच. मी नवी कोरी साडी नेसले नव्हते, रोजचीच होती, पण हात आपोआप मुंडावळ्या चाचपायला कपाळाकडं गेला, काय सांगू. मी स्टुलावरून उठले आणि गेटाकडं बघायला लागले. पलीकडं दिसायला लागलं. पुढं लेक, तोंडाला ओढणी गुंडाळून, खुर्ची ओढायली. खुर्चीत टोपी घातलेले मास्तर, पाठ माझ्याकडं. त्यांच्यासमोर आमचे नवरदेव, नवा सदरा, आणि हातात भाजीची पिशवी. जाताजाता कोथिंबीर घेऊ म्हणून आणली म्हणे! मागं दोन-चार रिकामटेकडे आणि एक कुत्रं.

आणि गेट पडलं.

देवाशपथ सांगते. सगळं तसंच. खुर्ची थांबली, तशी क्लॅरनेट फुस्स झाली. ह्यांनी गेटाकडं बघितलं, मग खाली वाकून गेटाखालची जागा बघितली. मास्तर एवढ्या जोरात ओरडले की मला दुकानापाशी ऐकू आलं, "गेटाखालून जायचं न्हाई! ह्या बारीला न्हाई!"

"मग काय करायचं?" हे ओरडले.

"फिरवा! गोल फिरवा!"

लेकीनं खुर्ची तिथल्या तिथं गोल ओढायला सुरुवात केली. हे खुर्चीच्या समोर राहायचं म्हणून गोल गोल पळायले. पिशवी हलायली, कुत्रं भुंकायलं. मोटरसायकली थांबल्या, रिक्षा थांबल्या. स्कूटीवरची एक बाई ओरडली, "अगं, तू? पुण्याहून कवा आलीस?" ती लेकीची शाळेतली मैत्रीण निघाली. लेकीनं ओढणी अजून वर घेतली. तेवढ्यात मालगाडी आली, आणि मग मला दोन डब्यांच्या मधल्या फटीतून जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका फटीत मास्तरांचं तोंड. पुढच्या फटीत त्यांच्या टोपीची मागची बाजू. पुढच्यात आमचे हे, तोंड उघडं. पुढच्यात मैत्रीण स्कूटी सोडून खुर्ची ओढायली आणि लेक पोट धरून हसायली, ओढणी गळ्यात. गाडीच्या खडखडाटात धून कधी ऐकू यायची, कधी नाही. पण तुटली नव्हती.

गाडी गेली. गेट उठलं. सगळे माझ्या बाजूला आले, आणि बाकीच्या मोटरसायकली सुद्धा हॉर्न न वाजवता मागनंच आल्या. मास्तरांची नजर ह्यांच्या पायावर. दुकानाची पायरी आली. ह्यांनी उजवा पाय ठेवला आणि धून संपली. अशी संपली, जशी कढईतली शेवटची पुरी फुगून वर येते आणि आपण गॅस बंद करतो. त्या धुनेचा शेवट असा होता होय, मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. दुकानदार काय समजला कुणास ठाऊक, त्यानं टाळ्या वाजवल्या.

मास्तर घामानं निथळायले होते. टोपी काढून म्हणाले, "वैनीसाहेब, माझी जिम्मेदारी संपली. आता तुमचं भांडण तुमचं."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हातातली पिशवी पुढं केली. "कोथिंबीर राहिली," म्हणाले. नवरदेव!

त्याच संध्याकाळी त्या कोथिंबिरीवरून आमचं वाजलं. हे सवयीनं खिडकीत गेले, "अहो मास्तर, या जरा!" मास्तर समोरच्या खोलीत सामान बांधायले होते. तिथूनच ओरडले, "माझा काय संबंध? धून पुरी झाली!" हे खिडकीतून परत आले. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे. खोटं सांगत नाही, फार पोरकं वाटलं. भांडण आपलं एकट्याचं असलं की ते लांबतं. दोन दिवस चाललं.

पुण्याची गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. मास्तरांनी खिडकीची जागा धरली, इंजिनाकडं पाठ करून. लेक म्हणाली, "बाबा, तोंड पुढं करून बसा, उलटं बसून चक्कर येईल." मास्तरांनी टोपी नीट केली आणि तसेच बसले.

ह्यांनी विचारलं, "परत कधी, मास्तर?"

"लेकीला विचारा."

लेक म्हणाली, "बघू काका. ऑपरेशन झाल्यावर बघू. तिथं सगळं हाय, लिफ्ट हाय."

"लिफ्टमधी वाजंल काय?" मास्तर म्हणाले. "पण ती वर-खाली जाती. वर-खालीचं मला जमंल का, कुणाला ठाऊक."

मला बोलायचं होतं पुष्कळ. मी एरवी किती बोलते. पण मी दशम्यांचं गाठोडं खिडकीतून आत दिलं आणि एवढंच म्हटलं, "खाऊन घ्या."

गाडी हलली. मास्तर आता खरोखर मागं मागं जायले होते, तोंड आमच्याकडं. आणि त्यांनी शालीतून क्लॅरनेट काढली. तीच आमची धून. डब्यातली माणसं वाकून बघायली. हे गाडीबरोबर चालायला लागले, तोंडाला तोंड, रोज सकाळसारखं. एका खांबाला धडकता धडकता वाचले. मास्तरांनी दोन्ही भुवया उडवल्या होत्या, वेळेवर.

फलाटाच्या टोकाला हे थांबले. गाडी पुढं गेली. आणि मग मी बघितलं. धून निम्म्यावर आली होती, तो वरचा सूर, जिथं माझ्या लग्नात मालगाडी आली होती. तिथं मास्तरांनी क्लॅरनेट तोंडातून काढली, खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला आणि पंजा उघडा करून वर केला. बंद. डास नव्हता तिथं, मी सांगते.

हे म्हणाले, "गाडी लांब गेली म्हणून ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला काही कळत नाही. चला."

घरी आलो तर दाराला कुलूप आणि किल्ली फलाटावरच्या बाकड्यावर. मी तोंड सोडणारच होते. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा समोरच्या बंद खोलीकडं, आणि हळूच म्हणाले, "मास्तरांमुळं."

मी पायरीवर बसले. म्हटलं, "तर काय. अर्धी टाकून गेलेत. येऊ द्या तर परत."